आबांनी जिंकलेले नारळ

फोंडा घाटात गाडीच्या खिडकीबाहेर हात काढला, तर तो ओला होऊन परत आला. पाऊस नव्हता, ढगच रस्त्यावर येऊन बसला होता. "ताई, हात आत घ्या, घाट आहे," कंडक्टरने दटावलं. मी हात आत घेतला आणि ओली बोटं गालाला लावली. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला श्रावणातला घाट म्हणजे कुणीतरी कानावरून हात फिरवल्यासारखा वाटतो.

मी निघाले होते एक चूल बघायला. आमच्या गल्लीत नीलम नावाची नर्स राहते, मालवणकडची. एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "आमच्या गावात माझी आई रोजची चूल चालवते. गावातले सगळे मिळून जेवतात. पैसे घेत नाही, देणगी घेत नाही, कुणाचा फोटो लावत नाही." आमचा घरचा छोटा छापखाना आहे आणि मी वाचायला शिकले ती संपाच्या पत्रकांवर. त्यामुळे 'सगळे मिळून' असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळे म्हणजे कोण कोण? नीलम हसली. म्हणाली, "जा आणि तूच मोजून ये."

कणकवलीच्या स्टँडवर मी चुकीच्या गाडीत बसले. पाटी मालवणची होती, पण ती शेजारच्या गाडीची. हे मला कळलं ते महामार्गावर बरंच पुढे गेल्यावर, तेही शेजारी बसलेल्या बाईंमुळे. त्यांच्या मांडीवर तवशांची (मोठ्या काकड्यांची) टोपली होती.

"खंय चललंस गो?" त्यांनी विचारलं.

"मालवणला."

"मालवणाक? आणि ह्या गाडयेन?" त्यांनी पुढच्या सीटवरच्या बाईंना हाक मारली. "आयकलंस? ह्या चेडू (पोरगी) कुडाळच्या गाडयेत बसान मालवणाक चलला!"

सगळी गाडी हसली, कंडक्टरसुद्धा. मग प्रत्येकाने मला वेगळा रस्ता सुचवला, त्यावरून आपापसात भांडण झालं, आणि शेवटी ठरलं की आता कुडाळलाच उतरावं, तिथून मालवणची गाडी मिळते. कुडाळला आठवड्याचा बाजार भरला होता. बाईंनी उतरता उतरता एक तवसं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "रिकाम्या हातान कोणाकडे जाव नको." ते तवसं पुढे मला फार उपयोगी पडलं.

मालवणहून पुढे खाडीच्या तोंडाशी ते गाव आहे. नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं तर पर्यटक येतील आणि चुलीला मेनूकार्ड लागेल, असं मला बजावण्यात आलं आहे. गाडी जिथे थांबते तिथून दोन वाटा फुटतात. एक लाल मातीची, वर काजूच्या बागांकडे जाते. तिथे शेती-बागायतीवाल्यांची वरची वाडी. दुसरी वाळूची, माडांमधून खाली उतरते. तिथे मासेमारी करणाऱ्यांची खालची वाडी. मला खाली जायचं होतं.

समुद्र दिसायच्या आधी धूर दिसला. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक लांबलचक खोप, तीन बाजूंनी उघडी. खाली मातीची मोठी चूल, त्यावर माणूस बसेल एवढं पातेलं, आणि भोवती वीस-तीस माणसं, एकाच वेळी बोलणारी. खरं तर ही खोप रापणीची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं लांबच लांब जाळं. गावच्या गाव त्याला लागतं. पावसात समुद्र बंद असतो, जाळी घराघरांत माळ्यावर जातात आणि खोप रिकामी राहते. त्या रिकाम्या खोपीत ही चूल.

मधोमध उभी असलेली उंच, काळीसावळी, खोचलेल्या पदराची बाई म्हणजे नीलमची आई, मालनकाकी. हंगामात त्या डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासे विकतात. आवाज त्याच कामातून कमावलेला.

"नीलमची मैत्रीण तू? उशीर केलंस. हातात काय तां? तवसां? बरां. हात धू आणि हयसर बस." त्यांनी माझ्यापुढे आडाळो (विळी) सरकवला.

"काकी, मी खरं तर फक्त बघायला आलेय."

"बघूक?" काकींनी आजूबाजूला पाहिलं, जणू मी काहीतरी असभ्य बोलले होते. "हय बघणाऱ्याक पान नाय गो बाय. हात लावशीत तर पान."

मी तवसं चिरायला बसले.

पंधरा मिनिटांत मला कळलं की हा नियम माझ्यासाठी नव्हता, सगळ्यांसाठी होता. रापणीच्या दोराला जो हात लावतो, त्याला माशांत वाटा मिळतो. मग तो म्हातारा असो, पाहुणा असो की वाटेने जाणारा पोस्टमन. चुलीला त्यांनी तोच नियम लावला. काही आणलंत तर जे आणलंत ते स्वतः बसून निवडायचं, चिरायचं, दळायचं. नुसतं आणून टाकून निघून जायचं नाही. एका बागायतदाराने तांदळाचं पोतं दारात ठेवून मोटरसायकल वळवली, तेव्हा काकींनी त्याला परत बोलावून खडे निवडायला बसवलं होतं, ही गोष्ट मला एका दुपारी तिघांनी वेगवेगळी सांगितली. या सगळ्या प्रकाराला ते नुसतं 'रांदप' (स्वयंपाक) म्हणतात. संस्थेचं नाव नाही, फलक नाही. "रांदपाक चलतंस?" एवढंच.

त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार होतं, फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी, उकडा भात आणि सोलकढी. शिवाय माझं तवसं. ओळीत बसले. एका बाजूला नवा दोर वळून हाताची सालं निघालेला खलाशी, दुसऱ्या बाजूला वरच्या वाडीतली एक आजी. आजींचे दोन्ही मुलगे मुंबईत. घरी एकटीसाठी कोण भात लावणार, म्हणून वर्षानुवर्षं रात्री चहा आणि बटर, असं त्यांनी मला कसलीही तक्रार न करता सांगितलं. आता रोज दुपारी काठी टेकत खाली येतात, लसूण सोलतात, जेवतात, भांडतात आणि वर जातात.

"भांडता?"

"मगे? घराकडे कोणावांगडा (कुणासोबत) भांडू? भिंतीवांगडा?"

जेवण झाल्यावर पातेली घासताना भाई तांडेलांनी मला खरी अडचण सांगितली. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. मूळचा शांत माणूस, वाक्य अर्ध्यात सोडण्याची सवय.

"परवा नारळी पुनव. समुद्राक नारळ दिलो की..." त्यांनी समुद्राकडे बोट केलं.

"मासेमारी सुरू."

"जाळी खोपीत येतली. दोर येतले, बर्फाच्यो पेटयो येतल्यो. चूल..." त्यांनी हात झटकला.

म्हणजे पौर्णिमेनंतर चूल उचलायची. पुन्हा पेटणार ती पुढल्या पावसात. तोवर लसूण सोलणाऱ्या आजी पुन्हा चहा-बटरवर.

"दुसरी जागा नाही?"

काकींनी घासणी थांबवली. "आसा की. वरच्या वाडयेतल्या आबांची काजीची (काजूची) शेड. काजी संपली की आठ-नऊ महिने रिकामी. पत्रो आसा, नळ आसा, पंखो सुद्धा आसा. वरच्या आणि खालच्या वाडयेच्या बरोबर मधी."

"मग मागा ना!"

"दोनदा मागलंव. वास येता म्हणता."

"कसला वास?"

"माशांचो. काजीक लागतलो म्हणता."

मी पातेल्याकडे पाहिलं. वाटाणे, टाकळा, सोलं (कोकमं). "पण इथे तर..."

"श्रावण आसा म्हणान," काकी म्हणाल्या. "आमी खातंव श्रावणात सुको बांगडो. पण वरच्या वाडयेची माणसां जेवक येतत, म्हणान रांदपात महिनाभर मासो बंद केलंव. तरी वास येता."

माझं डोकं तापलं. तापायला मला फार वेळ लागत नाही, हे माझे वाचक जाणतात. हे आबा हंगामात रोज सकाळी याच मालनकाकींच्या टोपलीतून बांगडे घेतात, निवडून, दाबून, कल्ले उघडून बघून. बांगड्याचा वास त्यांच्या स्वयंपाकघराला चालतो, रिकाम्या शेडला चालत नाही. जो वास त्यांना नको होता तो माशांचा नव्हता, कुणाच्या शेजारी कोण बसतो याचा होता. आणि ही गोष्ट खोपीतल्या प्रत्येकाला कळत होती, पण कुणी बोलत नव्हतं. मी म्हणाले, "काकी, आज रात्री पत्रक लिहिते. उद्या एसटीच्या थांब्यावर चिकटवू."

"खुळी काय तू?" काकी खो खो हसल्या. "तू चिकटवशीत आणि गाडयेन जाशीत. माका रोज त्याच दारात टोपली उतरवची आसा."

"मग मी बोलते तरी."

"बोल. बोलूक कोणाचो ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आणि मी वर गेलो. आबा म्हणजे सत्तरीतले, तरतरीत, पांढरा बनियन आणि घडी न मोडलेला लेंगा. मुंबईच्या गोदीत नोकरी करून परत आलेले, बायको वारलेली, मुलगी ठाण्याला. घर एकदम स्वच्छ आणि अगदी गप्प. माझ्याशी ते पुस्तकी मराठीत बोलले, काकींशी मालवणीत.

"बसा. आपण पत्रकार का?"

"लिहिते. आबा, तुमची शेड रिकामी असते, असं ऐकलं."

"रिकामी असते आणि स्वच्छ असते. आमचा काजू बाहेरगावी जातो. खाण्याच्या मालाला वास लागून चालत नाही."

"श्रावणात तिथे मासा शिजतच नाही."

"श्रावण संपतो ना?"

"तेव्हा काजूही नसतो. पोती मार्चमध्ये येतात. तोवर धुऊन, सारवून परत देतील."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ताई, तुम्ही बाहेरच्या. गावाच्या काही रीती असतात."

"कोणत्या? नीट सांगा, मी लिहून घेते."

त्यावर ते काकींकडे वळून म्हणाले, "मालन, ह्या चेडवाक खयसून हाडलंस (आणलंस)? माका कोर्टात उभो केल्यान!"

"मिया नाय हाडलंय. आपणच ईला, कुडाळामार्गे," काकी म्हणाल्या. आबांना हसू आलं, पण ते त्यांनी लगेच आवरलं. चहा दिला. चांगला दिला, आलं घालून. शेड दिली नाही.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून सरी येत-जात होत्या. दुपारी खोपीत शेवटचा म्हणून नारळीभात झाला. गुळाचा, लवंगा घातलेला, पातेल्याच्या तळाला लागून खरपूस झालेला. तो तळाचा भाग मिळवण्यासाठी प्रौढ माणसं ज्या थराला गेली ते मी इथे लिहीत नाही. मग सगळं गाव किनाऱ्यावर उतरलं, वरची वाडीही. भाई तांडेल गुडघाभर पाण्यात गेले, फुलं वाहिलेला नारळ त्यांनी दोन्ही हातांनी समुद्रावर सोडला आणि हात जोडून उभे राहिले. एक लाट आली, नारळ घेऊन गेली. मागून बायका म्हणाल्या, "संबाळ रे म्हाराजा." मी देवाधर्मातली नाही. तरी तो नारळ दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिले.

त्यानंतर खरी मजा सुरू झाली. या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला नारळ लढवतात. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. नारळ निवडणं ही मोठी विद्या आहे. लोक कानाशी नेतात, नखाने वाजवतात, दुसऱ्याचा बघून नाक मुरडतात. मला एक दिला गेला. मी पहिल्याच फटक्यात नारळ न फोडता स्वतःचं बोट फोडलं, आणि दुसऱ्या फटक्यात नारळ. समोर लसूण सोलणाऱ्या आजी होत्या. "जा गो, बोटाक हळद लाव," असं म्हणत त्यांनी माझा फुटका नारळ ओटीत टाकला.

आबा दरवर्षीचे जिंकणारे. त्यांचा नारळ लहान, काळपट, दिसायला अगदीच दरिद्री. पण त्यावर आपटलेला प्रत्येक नारळ उमलत होता. गर्दी झाली. आणि त्या गर्दीतून मालनकाकी पुढे आल्या, पदर खोचून.

"आबानू, माझ्यावांगडा लढवतात?"

"ये."

"माझो उरलो तर शेड आमका. काजी येयसर (येईपर्यंत)."

आबांनी नारळ हातात फिरवला. सगळ्यांसमोर नाही म्हणणं त्यांना जड होतं, आणि काकींनी ते बरोबर हेरलं होतं.

"आणि फुटलो तर?"

"फुटलो तर तुमचो."

"तेवढ्यान भागाचा नाय. फुटलो तर परत शेडीचा नाव काढूचा नाय. तिया नाय, तुझ्या माणसांनी नाय, आणि त्या कुडाळवालीन तर नायच."

लोक हसले. काकी हसल्या नाहीत. "कबूल," त्या म्हणाल्या.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, कबूल करू नका, तुमच्याकडे मागण्याशिवाय दुसरं आहे काय? पण मागून आरडाओरडा सुरू झाला होता. "काकी, मार! पत्रो उडव शेडीचो!" "आबानू, मूठ सांबाळा, म्हातारपणी प्लास्टर होयत!"

आबांनी नारळ धरला, काकींनी हाणला. दोन्ही साबूत. काकींनी धरला, आबांनी हाणला. साबूत. पुन्हा काकी. ठण्णकन आवाज आला. काही नाही. मग आबांनी नारळ थोडा तिरपा धरून एक फटका दिला, आणि काकींच्या मुठीतून पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं.

काकींनी मूठ उघडली. दोन तुकडे झाले होते. त्यांनी ते आबांच्या पोत्यात टाकले, हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "बरो नारळ आसा तुमचो." आणि चालत्या झाल्या. मी मागे धावले. त्या माडाखाली तोंड धूत होत्या, बराच वेळ धूत होत्या.

"काकी, पैज कसली ही! जागा काय नारळावर ठरवायची?"

"गप रव गो," त्या म्हणाल्या. "कबूल केलंय ना मी? आता तो शब्द तोंडात नाय येवचो. तुझ्यासुद्धा."

मागे मात्र भलतंच चाललं होतं. मालनकाकी हरल्या म्हटल्यावर खालच्या वाडीला ईर्ष्या आली. आबांचा तो काळा नारळ फोडायचाच, म्हणून माणसं घरी जाऊन नारळ घेऊन येऊ लागली. बायका आल्या, खलाशी आले, स्वतः भाई तांडेल आले. वरच्या वाडीतले आबांचे भाऊबंदही आले, कारण दरवर्षी आबाच का म्हणून. सगळ्यांचे फुटले. आबांची दोन पोती भरली, तिसऱ्यासाठी कुणीतरी ताडपत्री दिली. संध्याकाळी ते रिक्षातून विजयी होऊन वर गेले, आणि रिक्षात त्यांच्यासाठीच जागा नव्हती, ते चालकाशेजारी अर्धे लटकले होते.

सकाळी होड्या पाण्यात गेल्या होत्या आणि खोपीत दोरांचा डोंगर झाला होता. चूल मोडलेली. बायका पातेली वाटून घेत होत्या, कुणाच्या घरी मोठं, कुणाच्या घरी झारे. तेवढ्यात रिक्षा आली. आबा उतरले, मागोमाग पोती.

"मालन," ते म्हणाले, "ह्ये घे. रात्रभरात बुळबुळीत होवक लागलेत. वाळवूक ऊन नाय. मी एकटो किती खातलंय? एका नारळाची आमटी माका दोन दिस पुरता."

ही गोष्ट गावात बहुधा कधीच घडली नव्हती. जिंकलेले नारळ दरवर्षी घरात खपतात. पण यंदा आबा फारच जिंकले होते आणि घरात खाणारे ते एकटे.

काकींनी पोत्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "आमी असां घेत नाय आबानू. तुमका ठावक आसा. जो हाडता, तेणां बसान खवूचा."

"मी खवू?"

"मगे? दोराक हात लावल्याशिवाय वाटो नाय."

आबांनी लेंग्याकडे पाहिलं. "खवतंय. खंय बसू?"

"जागा नाय," काकी म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. भाई तांडेलांनी माझ्या पायावर पाय दिला, आणि तो पाय त्यांनी काढला नाही.

आबांनी खोपीत नजर फिरवली. दोर, पेट्या, जाळी, उकरलेली चूल. बायका हातातली पातेली तशीच धरून उभ्या. काकी समुद्राकडे बघत होत्या, जणू होड्या कधी परतणार एवढीच त्यांना चिंता. पोत्यांवर माश्या घोंगावू लागल्या.

"माझ्याकडे," आबा म्हणाले आणि थांबले.

"काय तुमच्याकडे?"

"शेड आसा."

काकींनी सावकाश मान वळवली. "तुमी म्हणालात. मी नाय म्हणूक."

"आजच्या दिवस!" आबा ओरडले. "आजच्या दिवस फक्त, नारळ खराब होतले म्हणान!"

पण पातेली तोवर चालायला लागली होती. डोक्यावर, कमरेवर, रिक्षात, रिक्षाच्या टपावर. मी दोन झारे आणि एक परात घेतली. लाल मातीच्या वाटेवर ती मिरवणूक चढत होती आणि सगळ्यांत पुढे आबा, "चप्पल भायर काढा, पाय धुवा," असं ओरडत.

एवढ्या नारळांचं करायचं काय, तर शिरवाळ्या. तांदळाच्या उकडीचे गरम गोळे लाकडी साच्यात घालून दाबायचे, खाली शेवया पडतात, आणि त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. साचा दाबायला जोर लागतो, दोन माणसं लागतात. बायका खवायला बसल्या होत्या, तेव्हा दांड्याच्या एका टोकाला काकींनी भाई तांडेलांना लावलं आणि दुसऱ्या टोकाला आबांना. त्या दोघांचं आधी फारसं बोलणं नसावं. दांडा दाबताना बोलावंच लागतं.

"दाब हो."

"दाबतंय. तुमी..."

"काय तुमी?"

"तुमी लटाकतात नुसते."

"सत्तर वर्सांचो आसय मेल्या, लटाकणारच!"

शेवया मात्र सुतासारख्या पडत होत्या. मी खवत होते, माझं फुटलेलं बोट नारळाच्या रसात चुरचुरत होतं, आणि पत्र्यावर सर आली की कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं, तरी कुणी बोलायचं थांबत नव्हतं.

जेवायला ओळी बसल्या. आबा घरात गेले आणि स्वतःचं ताट, स्वतःचा पाट घेऊन आले. पाट त्यांनी दारात टाकला, ओळीपासून दोन हात लांब. मी काकींकडे पाहिलं. त्या वाढत वाढत दारापर्यंत गेल्या, इतरांना वाढलं तसंच त्यांना वाढलं, आणि परत आल्या.

"ते वेगळे बसलेत," मी म्हणाले.

"बसले ना? दारात तर दारात."

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. ते दोन हात अंतर बापजाद्यांपासूनचं आहे आणि त्याची मोजदाद व्हायलाच हवी, असं माझं म्हणणं आहे. पण आबांनी दोनदा रस मागून घेतला, हेही मी पाहिलं, आणि ते न लिहिणं अप्रामाणिकपणा होईल.

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. गाडीला वेळ होता म्हणून शेडपाशी डोकावले. वाटलं होतं कुलूप असेल. आत लसूण सोलणाऱ्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि चूल धुमसत होती. बाहेर आबा लाकडांच्या मोळीपुढे उभे राहून कुणावर तरी ओरडत होते, की ओली लाकडं आणलीत तर शेड काळी होईल.

"आबा, आजचा दिवस पण?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "खोबरं उरलं होतं." मग आणखीच पुस्तकी मराठीत म्हणाले, "तुम्ही लिहाल तेव्हा, मी शेड दिली असं लिहू नका. मी कुणाला काही दिलेलं नाही. नारळ वाया जात होते, असं लिहा."

तसं लिहिलं आहे, आबा.

या वेळी मी नीट पाटी वाचून गाडीत बसले. घाट चढताना ढग पुन्हा खिडकीशी आला. मी पत्रकांवर वाढले. पत्रकात जागा मागायची असते, नाकारली तर हिसकावून घ्यायची असते, आणि मी ते आजही मानते. पण मालनकाकींनी मागणं सोडलं होतं आणि हिसकावलं तर काहीच नव्हतं. त्यांनी फक्त आपला नियम सोडला नाही: आणणाऱ्याने बसायचं. त्या नियमापुढे एका माणसाला स्वतःच्या तोंडाने बोलावं लागलं. हे मी कुठल्या रकान्यात टाकू, ते मला घाट संपेपर्यंत ठरवता आलं नाही. दारातला तो पाटही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. श्रावण संपला, पहिल्यांदा मासा शिजला, की काय होईल?

भाद्रपदात, गणपती विसर्जनानंतर, काकींचा फोन आला. मागे केवढा गलका.

"आज बांगडो केलंव," त्या ओरडून म्हणाल्या. "पयलो."

"शेडमध्ये?"

"मगे खंय?"

"आबा आले?"

"ईले. दारात उभे रवले. नाक वर केल्यानी आणि म्हणाले, वास येता."

खोपीतला तो शब्द पुन्हा कानांवर आला होता.

"आयकतंस मा?" काकी म्हणाल्या. "वास येता म्हणाले, आणि भायरसूनच सांगल्यानी, तिरफळां (माशाच्या आमटीतला मसाला) कमी पडली तुमची. मगे घराकडे जावन मूठभर घेवन ईले. मी म्हटलंय, हाडलात तर ठेचा. आता भाईच्या बाजूक बसान ठेचतत."

"पाट कुठे टाकलाय?"

"पाट?" काकींनी फोन बाजूला धरून कुणाला तरी विचारलं, आणि मला पलीकडून आबांचा वैतागलेला आवाज ऐकू आला: "पाट कसलो विचारता ती? हय बसूक जागा गावली, ताच खूप!"